ब्लू रग आणि वाफसा : घरापुढच्या उताराच्या नोंदी

२५ मार्च २०२३, शनिवार

घर मध्य न्यू जर्सीत. पुढचं अंगण रस्त्याकडे उतरतं : तीस फूट लांब, आठ फूट रुंद. आजवर तिथे गवत होतं. मागच्या सप्टेंबरात ओल्या गवतावरून कापणीचं यंत्र घसरलं आणि त्याच्यामागे मी. तेव्हाच ठरवलं होतं की गवत काढायचं.

त्या जागी काय? पसरेल, माती धरून ठेवेल, बारा महिने हिरवं राहील आणि हरणं खाणार नाहीत असं काहीतरी. शेवटची अट सगळ्यात कडक. आमच्या गल्लीतली हरणं होस्टाची पानं कोथिंबिरीसारखी खातात.

बायकोला फुलं हवी होती, ती हरणांनी बाद केली. आडवं पसरणारं एक सदाहरित झुडूप, जुनिपर, पक्का केला, जात 'ब्लू रग'. उंची जेमतेम चार ते सहा इंच, पसारा सहा ते आठ फूट. याला सावली चालत नाही, पण उतार दक्षिणेकडे आहे आणि सात तास ऊन मिळतं.

१ एप्रिल

निचरा तपासला. फूटभर खोल खड्डा, रात्री नऊला काठोकाठ पाणी. सकाळी सातला चार बोटं पाणी तसंच. इथली माती तांबडी, शेल नावाच्या खडकापासून झालेली, ओली असताना साबणासारखी आणि वाळली की विटेसारखी.

हे लक्षण चांगलं नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी फक्त 'माती जड आहे' एवढं लिहून ठेवलं.

मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पाठवला.

१५ एप्रिल

अहवाल आला. सामू (पीएच) ५.८. जुनिपरला चालतो, चुना नको. ८११ला फोन करून जमिनीखालच्या लाइनी दाखवून घेतल्या. उतारावर पिवळी झेंडी गॅसची, नारिंगी केबलची. केबल अगदी कडेने जाते, तिकडे पहार लावायची नाही.

२० मे, शनिवार

लागवड. दोन गॅलनच्या कुंडीतली अकरा रोपं, दोन ओळींत, एकाआड एक, पाच-पाच फुटांवर. रोप आज हातभर रुंद आहे, त्यामुळे मधली जागा भकास दिसते. शेजारचे निवृत्त आजोबा येऊन म्हणाले, "आणखी दहा आण." नाही आणली. जवळ लावली की चौथ्या वर्षी एकमेकांवर चढतात, खालचा भाग काळोखात वाळतो आणि मग काढायचं कुठलं हे ठरवत बसावं लागतं.

दुकानातल्या मुलाच्या सांगण्यावरून खाली तण रोखणारं काळं, प्लास्टिकचं कापड अंथरलं, त्याला भोकं पाडून रोपं लावली, वर लाकडाचा भुसा. प्रत्येक रोपाभोवती छान आळं केलं. कराडजवळच्या माणसाला आळं केल्याशिवाय झाड लावल्यासारखं वाटत नाही.

या नोंदीतल्या तीन गोष्टी पुढे चुकीच्या ठरल्या : कापड, आळं, आणि खड्डा. खड्ड्यात मी विकतचं भुसभुशीत कंपोस्ट भरलं. चिकणमातीत असा मऊ खड्डा केला की भोवतालचं पाणी त्यातच येऊन बसतं. मी अकरा रोपांसाठी अकरा बादल्या पुरल्या होत्या.

७ जून

कॅनडातल्या वणव्यांचा धूर. दुपारी आकाश नारिंगी झालं, घराबाहेर जाऊ नका म्हणतात. पाणी दिलं नाही.

१८ जून

आई आणि आण्णा आले. पाच महिने राहतील. आण्णा बॅगा आत ठेवायच्या आधी उतारावर गेले. वाकून एक फांदी उचलली आणि म्हणाले, "हे तर आपलं मोरपंखी. असं लोळतंय का?"

फार चुकले नाहीत. अंगणातली मोरपंखी आणि हा जुनिपर एकाच कुळातले, सायप्रसच्या. मोरपंखी उभी वाढते, याने उभं राहायचा नाद सोडलाय.

संध्याकाळी त्यांना ब्लू रगची जन्मकथा सांगितली. मेन राज्यात व्हायनलहेवन नावाचं बेट आहे, तिथे १९१४ साली कनेक्टिकटच्या एका रोपवाटिकेच्या व्हॅन हायनिंगन यांना हे एक झाड सापडलं. तेव्हापासून जगभर जिथे जिथे ब्लू रग आहे तो त्या झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेला. बियांचा नाही. आण्णा म्हणाले, "म्हणजे हापूससारखं. बाठ्यातनं हापूस येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "बेटावर होतं, म्हणजे खडकात? वाळूत?" खडकात, समुद्राच्या वाऱ्यात. "आणि तू ह्या चिखलात लावलंस."

९ जुलै

आण्णांना काम मिळालं आहे : रबरी नळी. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा. आयुष्यभर उसाला पाट फिरवलेला माणूस, इथे गाडी चालवता येत नाही, टीव्ही कळत नाही, शेजाऱ्याशी बोलायचं तर फक्त हसता येतं. मी दोनदा सांगितलं की आठवड्याला एकदा खोल पाणी पुरे. "उन्हाळा आहे," म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

२३ जुलै

आईने उतारावरचं तण उपटलं आणि हाताचा वास घेतला. "अरे, हा दवणा!" खरंच तसाच वास. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच वंशातलं, आर्टेमिशिया. इथे याला मगवर्ट म्हणतात आणि माळी लोक शिव्या देतात, कारण याची मुळं जमिनीखालून धावतात आणि बोटभर तुकडा राहिला तरी परत उगवतात. काळ्या कापडाखालून ते पुढे सरकलं होतं आणि रोपाच्या भोकातून नेमकं जुनिपरच्या बुंध्यात बाहेर आलं होतं. आईने एक जुडी पाण्यात घालून देवापुढे ठेवली. बाकी मी कचऱ्याच्या पिशवीत भरलं. कंपोस्टमध्ये टाकायचं नाही.

१९ ऑगस्ट

क्रमांक ७ फिकट पडलाय. निळा रंग गेला, राखाडी-पिवळट झाला. क्रमांक ८ची एक बाजू तशीच. जुनिपरची गंमत अशी की तो मेल्याची बातमी उशिरा देतो. तुळस दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पाणी दिलं की उठते. जुनिपरची पानं कोरडी, खवल्यांची. मुळं संपून तीन-चार आठवडे झाले तरी वरून झाड बरं दिसतं.

आण्णांनी फिकट दिसलं म्हणून पाणी वाढवलं.

२ सप्टेंबर

क्रमांक ७ तपकिरी. हाताने ओढला, हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, वर आला. म्हणजे एकही मूळ खड्ड्याबाहेर गेलेलं नव्हतं. मुळं काळपट, बोटात धरून ओढली की साल सुटून हातात येते आणि आतला दोरा उरतो. आण्णांनी ढेकूळ नाकाजवळ नेलं, मग माझ्याकडे दिलं. गटारासारखा वास.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आल्याची कंदकुज अशीच असते. वाफसाच नव्हता रे. मी पाणी देत राहिलो."

वाफसा हा शब्द मी वीस वर्षांत उच्चारला नव्हता. माती ओली पण चिखल नाही, पाणी आहे आणि हवाही आहे, ती अवस्था. मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात, आणि मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की ती गुदमरतात. मग फायटोफ्थोरासारखे ओल्या मातीत पोहणारे, बुरशीसारखे जीव आयते जेवायला बसतात. इंग्रजी पुस्तिकेत 'निचरा होणारी जमीन' एवढंच लिहिलेलं असतं. ते मी वाचलं होतं. वाफसा म्हटल्यावर पोटात गेलं.

३ सप्टेंबर

नळी गुंडाळून गॅरेजात. आण्णांनीच गुंडाळली.

बोटभर खोल खुरपं घालून माती बघायची, ओली लागली तर मागे फिरायचं, असा नियम.

३० सप्टेंबर, शनिवार

गेल्या शनिवार-रविवारी ओफेलिया वादळाचा पाऊस, काल परत धोधो. न्यू यॉर्कमध्ये सबवेत पाणी शिरलं. आमच्या उतारावर प्रत्येक आळं म्हणजे एक तळं. भुसा वाहून गटाराच्या तोंडाशी.

छत्री घेऊन आम्ही दोघं बघत उभे. आण्णा म्हणाले, "आलं आपण उंच गादीवाफ्यावर का लावतो?"

७ आणि ८ ऑक्टोबर

सगळं काढून परत. दोन दिवस, पाठ गेली.

कापड फाडून काढलं. ते काढण्याला आणखी एक कारण मला नंतर समजलं होतं : आडव्या जुनिपरच्या फांद्या जमिनीला टेकतात तिथे मुळं सोडतात आणि उतार धरून ठेवायचं खरं काम तीच करतात. मी मध्ये प्लास्टिक अंथरून बसलो होतो.

आळी मोडली. खड्ड्यांतलं कंपोस्ट काढून ते भोवतालच्याच मातीत विस्तृत मिसळलं. उताराला आडवे, फूटभर उंचीचे लांबट वरंबे केले, वरच्या बाजूला पाणी कडेने निघून जाईल असा उथळ चर. रोपं वरंब्याच्या माथ्यावर, हुंडीचा वरचा भाग जमिनीपेक्षा दोन बोटं उंच. लावण्याआधी गोल फिरलेली मुळं चाकूने चार जागी चिरून मोकळी केली, जे मे महिन्यात करायला हवं होतं. आच्छादन म्हणून बारीक खडी, बुंध्यापासून वीतभर लांब.

क्रमांक ८ची मुळं निम्मी वाचलेली. ठेवला. ७ची जागा रिकामी. दहा राहिले.

चर कसा काढायचा हे आण्णांनी दाखवलं, केबलच्या कडेला मी त्यांना पहार लावू दिली नाही यावरून थोडं वाजलं.

१९ नोव्हेंबर

आई-आण्णांना विमानतळावर सोडलं. परत आल्यावर उतार बघितला. काही बदल नाही.

२१ जानेवारी २०२४

सगळे दहा जांभळे पडलेत! निळा जाऊन वांग्याच्या सालीसारखी झाक. काळजाचं पाणी. नखाने एका फांदीची साल खरवडली : आत हिरवीगार, ओलसर. दुसरी, तिसरी, तशीच. थंडीत या जातीचा रंग जांभळट होतो, वसंतात परत येतो. मेलेली फांदी तपकिरी असते, वाकवली की कटकन तुटते.

आण्णांना फोटो पाठवला. उत्तर : "पाणी नको."

१३ फेब्रुवारी

बर्फ. जुनिपर गाडले गेले. गाडलेलेच बरे. बर्फाखाली वारा लागत नाही. उघड्या थंडीत गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही आणि पानांतून मात्र जात राहतं, झाड तहानेने वाळतं. शेजाऱ्याने फावड्याने बर्फ 'मदत म्हणून' झटकायला घेतला, थांबवलं. गोठलेल्या फांद्या काडीसारख्या मोडतात.

१० मार्च

क्रमांक २ आणि ५च्या काही शेंड्यांची चार-पाच इंचं तपकिरी. जिथे मेलेला भाग जिवंत भागाला भेटतो तिथे राखाडी पट्टा, त्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके. नमुना पिशवीत घालून काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात दिला. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी भिंगाखाली बघून पहिला प्रश्न विचारला : "हे कधी दिसलं?"

वेळेवरून निदान होतं म्हणे. दोन बुरश्या अगदी सारख्या दिसतात. कॅबाटिना हिवाळा संपताना दिसते आणि गेल्या वर्षीच्या वाढीवर असते. जखमेतून शिरते आणि तिच्यावर फवारणीचा फारसा उपयोग नाही. फोमॉप्सिस उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळ्या नव्या वाढीवर येते, ओल्या पानांवर पसरते. माझी तारीख मार्चची, मेलेली वाढ गेल्या वर्षीची, म्हणून कॅबाटिना. औषध नाही. कोरड्या दिवशी कापा, जाळा किंवा कचऱ्यात टाका, फांद्यांना जखमा करू नका.

जखमा म्हणजे ऑक्टोबरातली आमची ओढाताण असणार.

कापलं. दर कापाला सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसला.

२७ एप्रिल

निळा परतला. टोकांना पोपटी-निळी नवी वाढ.

आज एक प्रयोग. क्रमांक ६ची लांब फांदी ७च्या रिकाम्या जागेकडे वळवली, खालच्या बाजूची साल अर्धा इंच हलकी खरवडली, तिथे माती सरकवून तारेच्या आकड्याने दाबली, वर चपटा दगड. दाब कलम. नवं रोप आणलं तर पैसे जातील एवढंच, पण मला ती जागा विकतच्या कुंडीने भरायची नव्हती.

१५ जून

गवत कापायला येणाऱ्या माणसाने पदपथाकडची कड सरळ रेषेत कापून दिली. न सांगता. क्रमांक १० आणि ११च्या बाहेर आलेल्या फांद्या फूटभर आत, नुसत्या लाकडापर्यंत.

जास्वंद कुठूनही कापा, फुटतो. जुनिपर असं करत नाही. पान असलेल्या भागापर्यंतच तो परत फुटतो. आतल्या उघड्या, तपकिरी लाकडावर झोपलेले डोळे नसतात. एकदा उघडं पडलं की ते उघडंच. म्हणून छाटायचं ते एकेक फांदी उचलून, वरच्या फांदीच्या आड, आतल्या हिरव्या जोडावर, की कापल्याचं दिसू नये. पदपथावर यायचं नसेल तर दूर लावायचं. ही चूकही माझीच : बाहेरची ओळ पदपथापासून दोन फुटांवर, आणि झाडाचा पसारा सहा फूट.

त्या माणसाला भेटून सांगितलं. त्याने मान डोलावली. कडेला चार दगड रोवले.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

महिनाभर थेंब नाही. खुरपं तीन बोटं खाली घातलं तरी भुकटी.

रंगही मंद, पानांवर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली. मिनिटभर थांबलो. कागदावरचे कण चालू लागले. कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. बोटाने कागद पुसला, रेषा उमटल्या. कोरड्या हवेत ते माजतात.

औषध न मारता सकाळी पाण्याचा जोरदार झोत, फांद्यांच्या खालून. पानं ओली करू नयेत हा नियम फोमॉप्सिसमुळे पाळत आलो, पण आता कोवळी वाढ नाही आणि दहा वाजेपर्यंत ऊन सगळं वाळवतं. चार दिवसांनी परत एकदा.

३ नोव्हेंबर

ऑक्टोबर कोरडा गेला तो किती, हे आता बातम्यांत आलं : १८९५ पासूनच्या नोंदींत न्यू जर्सीत इतका कोरडा महिना झालेला नाही.

आण्णांना व्हिडिओ कॉल. कॅमेरा मातीजवळ नेला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं. "भेगा दाखव." दाखवल्या. "आता दे पाणी. जमीन गोठायच्या आत. सावकाश."

गेल्या वर्षी ज्या माणसाने बुडवलं त्यानेच हे सांगावं याचं मला हसू आलं, त्यांनाही आलं.

१७ नोव्हेंबर

बुधवारी राज्याने दुष्काळाचा इशारा दिला, पाणी जपून वापरा म्हणतात. तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमवतो, मीठ नसलेलं तेवढंच. रविवारी दर झाडाला पाच लिटर, वरंब्याच्या वरच्या बाजूने, तांब्या-तांब्याने. तासभर जातो. शेजारचे आजोबा रोज विचारतात, भातात किती वेळा पाणी बदलता?

२ फेब्रुवारी २०२५

रस्त्यावर मीठ मारलंय, गाड्यांच्या चाकांनी उडालेलं पांढरं पाणी खालच्या ओळीवर वाळलेलं. या झाडाचे पूर्वज समुद्राच्या तुषारांत वाढलेले, याला मिठाचं इतकं वाईट वाटू नये. आजोबांच्या दारचं हेमलॉकचं झाड मात्र रस्त्याच्या बाजूने भाजल्यासारखं.

त्यांच्याच आर्बरव्हायटीवर (मोरपंखीसारखं झाड) टांगलेल्या काटक्यांच्या छोट्या पिशव्या दिसल्या, बॅगवर्म नावाच्या किडीच्या. मादीच्या एकेका पिशवीत शेकडो अंडी असतात आणि मेअखेरीस अळ्या बाहेर पडून वाऱ्याने शेजारी जातात. जुनिपर त्यांना आवडतो. आजोबांच्या परवानगीने एकेचाळीस पिशव्या तोडून साबणाच्या पाण्यात.

११ मे

नऊ झाडं ठणठणीत. क्रमांक ८ अर्धवट, एका बाजूने टक्कल, पण नवी वाढ त्या बाजूला वळू लागली आहे. क्रमांक ४चा पसारा मोजला : लावताना ४० सें.मी., आज ८६. वरंब्यांमधली माती अजून दिसते. मगवर्ट दर पंधरा दिवसांनी हाताने काढतो. सावली दाट होईपर्यंत यातून सुटका नाही.

चपटा दगड उचलला. आकडा सैल करून फांदी हलकेच ओढून पाहिली. आली नाही. माती बोटाने बाजूला केली तर पांढरी, जाड, टोकाला पिवळसर मुळं, चांगली बोटभर. मूळ झाडाच्या बाजूने कापायची सप्टेंबरात, घाई नाही.

आण्णांना फोटो पाठवला. पाच मिनिटांनी फोनच आला.

"ते सातवं ना?"

"सातवं."

"आळं केलं नाहीस ना?"

"नाही, आण्णा."

"मग राहू दे." मागे आईचा आवाज : दवणा आला का विचार.

आलाय.